पेंढा, पाला आणि शेण: गव्हाणीपासून वाफ्यापर्यंत नत्राचा हिशोब

मुंबईच्या तबेल्यांत येणारा भाताचा पेंढा बराचसा पालघर, वाडा, भिवंडी, कर्जत या पट्ट्यातून टेम्पो भरून येतो. तो म्हशीच्या पोटात जातो, शेण होतं आणि पाण्याच्या पाइपनं धुऊन गटारात जातं. दहिसर आणि ओशिवरा नद्यांच्या काठावरून चालणाऱ्याला हे शेण वेगळं दाखवावं लागत नाही. पलीकडे त्याच पालघरच्या शेतातली माती दर पावसाळ्यात धुपते, आणि गच्चीवर भाजी लावणारा मुंबईकर पाच किलोच्या पिशवीतलं शेणखत विकत घेतो. साखळीचे सगळे दुवे शंभर किलोमीटरच्या आत असताना ती तुटलेली आहे.

ती जोडायची तर आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: नुसता पेंढा म्हशीला का पुरत नाही आणि नुसता पेंढा कुजत का नाही, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

पोट आणि ढीग

म्हैस स्वतः पेंढा पचवत नाही. तिच्या कोटीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, ते तो पचवतात. त्यांनी तयार केलेल्या आम्लांतून तिला ऊर्जा मिळते, आणि पुढच्या पोटात गेलेले हेच जीव तिची प्रथिनं होतात. खताच्या ढिगातही काम करणारे जीवाणू आणि बुरशाच असतात. पोटात हवा नसते आणि ढिगात ती लागते, एवढा फरक. पण दोन्हीकडच्या जीवांना वाढायला कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) ठरावीक प्रमाणात लागतात. कर्ब म्हणजे ऊर्जा, नत्र म्हणजे शरीर बांधायचं सामान.

भाताच्या पेंढ्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतो. एक भाग नत्रामागे सुमारे ७० भाग कर्ब. ढीग जोमानं कुजायला हे प्रमाण २५ ते ३० लागतं. ताज्या शेणात ते २० ते २५ च्या आसपास, गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्यात १५ च्या खाली, तर लाकडाच्या भुशात कित्येक शे. म्हणून नुसता पेंढा ढिगात महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. तोच पेंढा मातीत गाडून लगेच पीक लावलं, तर जीवाणू स्वतःची गरज भागवायला मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. शेतकरी म्हणतो, खत घालूनही पीक हललं नाही.

म्हशीच्या पोटात नेमकं हेच घडतं. पेंढ्यात प्रथिनं ३ ते ४ टक्के. एकूण खाद्यातली प्रथिनं ७ टक्क्यांखाली गेली की कोटीपोटातले जीव उपाशी पडतात, पेंढा पोटात जास्त वेळ तुंबून राहतो, आणि पोट भरलेलं असल्यामुळे जनावर आणखी खात नाही. गव्हाण भरलेली, म्हैस उभी, दूध उतरलेलं. अशा वेळी पेंढा वाढवून उपयोग नसतो, त्याच्या जोडीला नत्र द्यावा लागतो.

आता पाला, पेंढा, भाजीचा टाकाऊ भाग यांतलं काय जनावराला घालायचं आणि काय थेट मातीला? जे जनावर निर्धास्त खाऊ शकतं ते आधी गव्हाणीत जावं. खाद्यातल्या नत्राचा ७० ते ८० टक्के भाग शेणामुतातून परत बाहेर येतो, म्हणजे एकाच पाल्यातून दूध आणि खत दोन्ही निघतं. मात्र त्यातला निम्मा नत्र मुतात असतो, आणि मुंबईच्या सिमेंटच्या गोठ्यात नेमका तोच पहिल्यांदा वाया जातो. त्याबद्दल पुढे.

पेंढ्याला जोड कशाची

मुंबईच्या आसपास सगळ्यात स्वस्त जोड बांधावर उभी असते: गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिक्या गुलाबी फुलांनी भरलेली ही झाडं डोंगरउतारांवर आणि रस्त्याकडेला सगळ्यांनी पाहिलेली आहेत. सुक्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. ताज्या पाल्याचा पाव भागच सुका माल धरला, तर ६ किलो ताज्या पाल्यातून साधारण ३३० ग्रॅम प्रथिनं मिळतात, जवळपास दीड किलो सरकी पेंडीइतकी. ऊर्जा आणि स्निग्धांश मात्र पेंडीत जास्त असतात. म्हणून पेंड एकदम बंद न करता आधी तिसरा हिस्सा कमी करावा आणि आठवडाभर दुधाकडे लक्ष ठेवावं.

पहिल्या दिवशी जनावर गिरिपुष्पाला तोंड लावत नाही. पाल्याला उग्र वास असतो. कापून एक दिवस सावलीत पसरून ठेवला की वास कमी होतो. मग दोन-तीन मुठी कुट्टीत, म्हणजे बारीक कापलेल्या चाऱ्यात, मिसळून सुरुवात करायची आणि दहा-बारा दिवसांत ५-६ किलोंवर न्यायचं. एकूण खाद्याच्या पाव भागाच्या वर जाऊ नये. पाला ढिगात दाबून ठेवला आणि त्यावर बुरशी आली, तर तो जनावराला देऊ नका. पाल्यातल्या वासाच्या द्रव्यापासून बुरशी रक्त गोठू न देणारं विष बनवते. उंदरांसाठी हे झाड वापरलं जातं ते याच गुणामुळे. घोड्याला तर गिरिपुष्प अजिबात नको.

सुबाभूळही प्रथिनांनी भरलेली आहे, पण तिच्यातल्या मायमोसीनमुळे जास्त दिल्यास अंगावरचे केस झडतात, गलगंड होतो. तीही खाद्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवावी. शेवग्याचा आणि हादग्याचा पाला निर्धोक, पण मुंबईत तो माणसांच्याच ताटात आधी जातो. उन्हाळ्यात पर्जन्यवृक्षाच्या गोड, चिकट शेंगा रस्त्यांवर पडतात. त्या गोळा करून, माती-काचा निवडून, ठेचून दिल्या तर जनावरं आवडीनं खातात.

पाला मिळत नसेल तर युरिया प्रक्रिया. युरिया नैसर्गिक नाही हे मान्य, पण चाऱ्याचं पचन वाढवणारा इतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. १०० किलो सुक्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळवायचा, पेंढ्याचे थर लावत झारीनं सारखा शिंपडायचा, प्रत्येक थर पायानं दाबायचा, आणि वरून जाड प्लास्टिक घालून कडा मातीनं बंद करायच्या. २१ दिवस उघडायचं नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, तो पेंढ्याची चिवट बांधणी सैल करतो, आणि प्रथिनांचा आकडा ७-८ टक्क्यांवर जातो. उघडल्यावर पेंढा तांबूस-पिवळा, मऊ आणि नाकाला झोंबणारा असतो. खायला घालण्याआधी तास-दोन तास पसरून वास जाऊ द्यायचा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पाणी कमी घेतलं तर युरिया एकाच जागी साचतो आणि तो घास जनावराच्या जिवावर बेततो. प्लास्टिकला भोक राहिलं तर अमोनिया निघून जातो आणि बुरशी येते. काळा-पांढरा पडलेला भाग सरळ खड्ड्यात टाकावा. आणि तिसरं म्हणजे युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात उघडी ठेवणं. तहानलेली म्हैस ती पिऊन अर्ध्या-एक तासात आडवी होऊ शकते. सहा महिन्यांखालच्या वासरा-पारड्यांना हा पेंढा देऊ नये, त्यांचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं.

पेंढ्याचा आणखी एक दोष लोक विसरतात. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून पेंढ्यावर पोसलेल्या दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ लागतंच. आंबोणाचा, म्हणजे पेंड-भुशाच्या खुराकाचा, ढोबळ हिशोब असा: म्हशीला स्वतःच्या शरीरासाठी दीड किलो आणि प्रत्येक दोन लिटर दुधामागे एक किलो.

ॲझोल्याबद्दल थोडं स्पष्ट

ॲझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं, हवेतला नत्र धरणारं बारीक शेवाळवजा नेचं. ‘यात २५ टक्के प्रथिनं’ अशी जाहिरात सगळीकडे असते. ती खोटी नाही, पण तो आकडा वाळवलेल्या ॲझोल्याचा आहे. ताज्या ॲझोल्यात ९३-९४ टक्के पाणी असतं. रोज २ किलो घातला तर त्यातून मिळतात जेमतेम ३० ग्रॅम प्रथिनं. आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला दिवसाला एक किलोच्या वर लागतात. तेव्हा ॲझोला कोंबड्यांना, बदकांना, फार तर शेळ्यांना चांगला. म्हशीची पेंड त्यानं वाचत नाही.

तरी करायचाच असेल तर २ मीटर लांब, १ मीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल वाफा घेऊन त्यात जाड प्लास्टिक अंथरायचं. चाळलेली माती १० ते १५ किलो, दोन किलो दोन-तीन दिवसांचं शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यात कालवून ओतायचं, मग पाण्याची पातळी १० सेंटिमीटरवर आणायची. अर्धा ते एक किलो बेणं सोडलं की दहा-पंधरा दिवसांत वाफा भरतो. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट, दर दहा दिवसांनी पाव भाग पाणी बदलायचं. हिरवा ॲझोला लालसर झाला तर ऊन जास्त किंवा स्फुरद कमी. मुंबईत एक अडचण वेगळीच: वाफा पूर्ण भरलेला नसेल तर मोकळ्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि गच्चीवर साचलेलं पाणी दिसलं की पालिकेची माणसं दारात येतात. म्हणून बेणं भरपूर सोडून पृष्ठभाग पहिल्या आठवड्यातच झाकला जाईल असं बघावं.

मंडईचा माल आणि देवळाबाहेरची गाय

दादर, भायखळा, वाशीच्या बाजारांत फ्लॉवरचा पाला, कोबीची बाहेरची पानं, मटाराची टरफलं, मक्याची सालं टनांनी पडतात. मटाराची टरफलं आणि मक्याची सालं हा उत्तम चारा आहे. फ्लॉवर-कोबीचा पाला ८-१० किलोंपलीकडे, आणि रिकाम्या पोटी, देऊ नये, पोटफुगी होते. आधी पेंढा, मग पाला. कांद्याचा ढीग जनावरापुढे ओतू नका, जास्त कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कोंब आलेले, हिरवे पडलेले बटाटेही नकोत.

मंडईच्या मालातला खरा धोका रबरबँड, सुतळी, प्लास्टिक आणि तार. जाळीपोटात अडकलेली तार हळूहळू हृदयाकडे सरकते. माल ताडपत्रीवर पसरून हातानं निवडल्याशिवाय गव्हाणीत टाकू नये.

गाईला पोळ्या, भात, पाव, बेसनाचे लाडू घालणं पुण्याचं मानलं जातं. पण शिजलेला पिष्टमय पदार्थ कोटीपोटात झपाट्यानं आंबतो, आम्ल वाढतं, चारा पचवणारे जीव मरतात आणि जनावर खाणं सोडतं, हगवण लागते, जास्त झालं तर दगावतं. देवळाबाहेर बांधलेल्या एका गाईला दिवसात पन्नास जण एकेक लाडू घालतात, तेव्हा प्रत्येकाचा एकच असतो आणि तिचे पन्नास. ज्याला द्यायचंच आहे त्यानं चाऱ्याची पेंडी द्यावी. निर्माल्य तर मुळीच नाही: कण्हेरीची थोडी पानंही गाय मारायला पुरतात, आणि बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असतं. निर्माल्याची जागा खताच्या ढिगात. घाणेरी आणि रुईही गव्हाणीपासून लांब, आणि दीड-दोन फुटांची, पाण्याविना सुकलेली कोवळी ज्वारीसुद्धा. तिच्यात सायनाइडचं विष असतं.

गवत कधी कापायचं

ठाणे-पालघरचं गवत साधारण दसऱ्यानंतर कापतात, कारण तोवर वाळवायला ऊन नसतं. पण तोपर्यंत गवताला बी धरून ते काडी झालेलं असतं. प्रथिनं सगळ्यात जास्त असतात ती फुलोऱ्याच्या सुमारास, ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसात. यावर उपाय मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद आंबवून ठेवण्याचा.

गवत कापून २-३ सेंटिमीटरची कुट्टी करायची. मूठभर कुट्टी हातात घट्ट दाबली तर पाणी गळू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटावा, इतका ओलावा हवा. पावसाळ्यात गवत जास्त ओलं असतं, तेव्हा १०० किलोंमागे ८-१० किलो सुक्या पेंढ्याची कुट्टी मिसळायची. गवतात साखर कमी असते म्हणून १०० किलोंना दीड-दोन किलो गूळ किंवा मळी थोड्या पाण्यात विरघळवून शिंपडायची. मग जाड पिशवीत थर देत, पायानं तुडवत, हवा काढत भरायचं आणि तोंड आवळून बांधायचं. ४५ दिवसांनी उघडलं की आंबूस-गोड वास आला पाहिजे. सडक्या लोण्यासारखा वास आला तर ओलावा जास्त होता. पांढरी बुरशी दिसली तर हवा राहिली होती, किंवा उंदरांनी पिशवी कुरतडली होती. तबेल्यात उंदीर असतातच. पिशव्या भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर ठेवाव्यात.

आरे वसाहतीत, आणि जिथे जिथे तबेल्याचं धुवण पाणी सोडून पॅरा गवत घेतात तिथे, दोन गोष्टी सांभाळायच्या. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे गवतावर यकृतकृमी चढतो, म्हणून गवत पाण्याच्या पातळीच्या वर कापून थोडं सुकवून घालावं. आणि शेणपाण्याचा मारा फार झाला तर गवतात नायट्रेट साठतं. अशा गवताला भरपूर सुक्या पेंढ्याची जोड लागते.

मूत हे निम्मं खत

एक म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण आणि ८-१० लिटर मूत देते. मुतातला नत्र युरियाच्या रूपात असतो. जमिनीवर पडल्यापासून काही तासांतच त्याचा अमोनिया होऊन उडायला लागतो. तबेल्यात सकाळी डोळे झोंबतात, तेव्हा पैसे हवेत जात असतात.

धरायचा उपाय साधा आहे: खाली अंथरूण. प्रत्येक जनावराखाली रोज २-३ किलो पेंढ्याची वाया गेलेली कुट्टी, सुका पालापाचोळा किंवा उसाचं चिपाड टाकायचं, वर पातळ थर सुकी माती. दुसऱ्या दिवशी हे ओलं अंथरूण शेणाबरोबर ढिगात जातं. गुऱ्हाळवाल्यांकडचं चिपाड मुंबईत फुकट मिळतं, चारा म्हणून ते निकृष्ट आहे, पण मूत शोषायला झकास. सगळा तबेला पाइपनं धुण्याआधी फावड्यानं ओढून घेतला तरी निम्म्याहून जास्त माल वाचतो.

एक चूक इथे फार होते: माशा कमी व्हाव्यात म्हणून शेणावर चुना किंवा लाकडाची राख टाकणं. दोन्ही अल्कधर्मी आहेत, त्यांच्या संपर्कात अमोनिया आणखी जोरात उडतो. राख वेगळी ठेवा. तिचा उपयोग मातीत आहे.

ढीग

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: १०० किलो सुका पेंढा किंवा पाचोळा, १०० किलो हिरवा पाला (गिरिपुष्प, भाजीचा टाकाऊ भाग, निर्माल्य) आणि २०० किलो ताजं शेण. यात कर्ब-नत्राचं प्रमाण ३० ते ३२ आणि ओलावा ६० टक्क्यांच्या जवळ येतो, त्यामुळे वेगळं पाणी जवळपास लागत नाही. थर लावत जाऊन ढीग किमान १ मीटर उंच, दीड मीटर रुंद करायचा. त्याहून छोटा ढीग तापतच नाही, आतली उष्णता बाहेर निघून जाते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात खुपसलेली लोखंडी सळई काढून हाताला लावली तर चटका बसला पाहिजे. आत ५५ ते ६५ अंश तापमान असतं, त्यात तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. दर दहा-बारा दिवसांनी आतला माल बाहेर, बाहेरचा आत, असं तीनदा करायचं. तीन महिन्यांत खत तयार.

ढीग तापला नाही आणि कोरडा दिसला तर पाणी द्या. ओला असूनही तापला नाही तर शेण कमी पडलंय. अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाला, सुका पाचोळा मिसळा. नासक्या अंड्यांचा वास आला तर आत हवा नाही: ढीग उलथा आणि जाड काड्या घाला. आतून राखाडी, कोरडी, पांढरट भुकटी दिसली तर ढीग जास्त तापून पाणी उडालंय.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उघड्या उकिरड्यातला नत्र आणि पालाश जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तपकिरी पाण्याबरोबर निघून जातो, मागे उरतो तो चोथा. ढीग उंचवट्यावर, भोवती चर आणि वर ताडपत्रीचं किंवा पत्र्याचं उतरतं छप्पर हवं. ताडपत्री ढिगाला चिकटवून गुंडाळली तर हवा बंद होते, मध्ये फूटभर जागा सोडा.

वसई, अलिबाग, उत्तनच्या नारळवाड्यांसाठी खास सूचना. गेंडा भुंगा अंडी घालतो ती शेणाच्या ढिगात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात. जाड, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या ढिगात सापडल्या तर त्या त्याच. ढीग दर दोन-तीन महिन्यांनी उपसून अळ्या वेचा, नाहीतर आपणच आपल्या माडांचा शत्रू पोसतो.

शेण थोडं आणि पाचोळा भरपूर, अशी स्थिती सोसायट्यांची. २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला पालिकेनं सांगितलंय, पण पाचोळ्याचं काय करायचं हे बहुतेकांना उमगत नाही. त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांची टाकी योग्य. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. तिला १४०० ते १५०० किलो पाचोळा, फक्त ९०-१०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली सुकी माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. साडेतीन-चार महिने. ही टाकी गच्चीवर बांधू नका. भरल्यावर तिचं वजन साडेचार टनांच्या वर जातं.

गांडूळखताला फार शब्द नकोत. आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं, दहा-पंधरा दिवस मुरलेलं शेण, फूट-दीड फूट उंच गादी, कायम सावली. ताजं शेण घातलं की उष्णतेनं आणि अमोनियानं गांडुळं मरतात किंवा पळून जातात. मुंग्या, घुशी आणि कोंबड्या यांच्यापासून राखण करावी लागते.

शेतात: राब, चारसूत्री आणि खार

कोकणात, ठाणे-पालघरमध्ये भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. ऐन वगैरे झाडांच्या फांद्या, शेण, पाचोळा, गवत यांचे थर वाफ्यावर पसरून, माती लोटून, उन्हाळ्यात पेटवतात. तण मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतो, आणि रोप काढायला सोपं जातं. फायदे खरे आहेत. पण शेणातला आणि पाल्यातला नत्र जळून जातो आणि दरवर्षी झाडं छाटली जातात. अख्ख्या शेताचं खत रोपाच्या छोट्या वाफ्यावर जाळायचं, हा हिशोब परवडणारा नाही.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत याला उत्तर आहे. रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळसर राख मिसळायची. त्यातली सिलिका रोप ताठ ठेवते. पहिल्या नांगरटीला हेक्टरी २ टन पेंढा गाडायचा. आणि चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला पसरायचा. हिरव्या फांद्यांसकट टाकला तरी पानं आपोआप गळतात. ताग-धैंचा ही मातीत गाडायची हिरवळीची पिकं जिथे जमेल तिथे चांगलीच, पण त्यांना ४५ ते ५० दिवस लागतात, आणि कोकणात पाऊस सुरू झाल्यापासून लावणीपर्यंत एवढा वेळच नसतो. मेमध्ये पाणी असलेल्यानंच धैंचा पेरावा. बाकीच्यांना बांधावरची गिरिपुष्पाची ओळ बरी.

अडचण पेंढ्याची आहे. तो शेतात गाडायचा की मुंबईला विकायचा? एक टन पेंढ्याबरोबर १५ ते २० किलो पालाश आणि कितीतरी सिलिका शेताबाहेर जाते. विकायला हरकत नाही, पण परतीच्या टेम्पोत कुजलेलं शेणखत यायला हवं. ताजं शेण नको; त्यात ८० टक्के पाणी असतं आणि भाडं पाण्याचं भरावं लागतं. तबेल्यातच तीन महिने कुजवलं तर वजन निम्म्यावर येतं.

पनवेल, उरण, अलिबागच्या खारजमिनीत सेंद्रिय खताचं काम वेगळं: माती मोकळी करणं, म्हणजे पावसाचं गोडं पाणी आत मुरून मीठ खाली घेऊन जाईल. त्यासाठी निचरा आणि खारबंदिस्ती (खारं पाणी अडवणारे बांध) आधी, खत नंतर. धैंचा खारटपणा सोसतो. भाताच्या पनवेल १, २, ३ या जाती पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या, इथल्यासाठीच काढलेल्या. मासळीचं खत माडाला उत्तम, पण खारवलेल्या मासळीचं नव्हे. डोंगराकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत लाकडाची राख थोडी-थोडी घालावी. खाऱ्या जमिनीत ती नको.

जीवामृताबद्दल सतत विचारलं जातं, म्हणून आकडेच देतो. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन, २ किलो गूळ, २०० लिटर पाणी, एवढं एका एकराला. यातला सगळा नत्र मिळून भरतो सुमारे २०० ग्रॅम. एकरी एक टन भात पिकवायला १५ ते २० किलो नत्र लागतो. मातीत आधीच पाला-शेणखत असेल तर जीवामृत कुजण्याला चालना देऊ शकेल. रिकाम्या मातीत ते खत होऊ शकत नाही.

गच्चीवर

कुंडीला एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग नारळाचा भुसा. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन-तीन मुठी खत पुरे, पावसाळ्यात ते दोन हप्त्यांत विभागून. तबेल्यातून थेट आणलेलं शेण कुंडीत घातलं की मुळं जळतात, हुमणी (मुळं खाणारी अळी) होते आणि शेजारी तक्रार करतात.

खत पिकलंय की नाही हे विकत घेतानाही तपासता येतं. मूठभर खत ओलं करून पिशवीत बंद ठेवा. तीन दिवसांनी उघडल्यावर मातीचाच वास आला पाहिजे. पक्की खात्री हवी असेल तर ताटलीत खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन त्यात मोहरीचे २० दाणे पेरा, शेजारी नुसत्या मातीत २०. चार दिवसांनी दोन्हीकडचे कोंब मोजा. खताच्या ताटलीत पाच-सहा कमी उगवले, किंवा कोंबांची टोकं तपकिरी पडली, तर ते खत आणखी पंधरा-वीस दिवस, ओलसर आणि झाकून, ढिगातच राहू द्या.